चौकट एक, दुकानं अनेक

वर्गणी हा शब्द आपल्या वऱ्हाडात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. वाचनालयाची वर्गणी असते, गणपतीची असते, उर्साची असते, गल्लीतल्या भिशीची असते. वर्गणी भरली की आपण मालक होत नाही, हक्कदार होतो. वाचनालयातलं पुस्तक आपलं नसतं, पण वर्गणी चालू असेपर्यंत ते घरी नेऊन वाचण्याचा हक्क आपला असतो. पुस्तक फाटलं तर बांधून घेणं, कपाटाला वाळवी लागू न देणं, नवी पुस्तकं आणणं, ही सगळी कामं वाचनालयाची.

सॉफ्टवेअरच्या धंद्यानं गेल्या पंचवीस वर्षांत हीच रीत उचलली. पूर्वी हिशेबाची आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, सीडीवर यायची. दुकानदार ती एकदाच विकत घ्यायचा आणि आपल्या संगणकात भरून घ्यायचा. आता पुष्कळशा आज्ञावल्या दूरच्या मोठ्या संगणकावर राहतात. आपण दर महिन्याला किंवा वर्षाला वर्गणी भरतो आणि इंटरनेटवरून त्या वापरतो. अमेरिकेत १९९९ साली स्थापन झालेल्या सेल्सफोर्स या कंपनीनं ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रुजवली.

आता प्रश्न असा की, कवितेत रमणाऱ्या माणसानं या विषयावर का बोलावं? कारण यात एक गोष्ट आहे जी कवीच्या रोजच्या जिव्हाळ्याची आहे. ती म्हणजे चौकट. काय ठरलेलं ठेवायचं आणि काय मोकळं सोडायचं, हा प्रश्न गझल लिहिणाऱ्याला पडतो, तसाच तो वर्गणीचं सॉफ्टवेअर बांधणाऱ्यालाही पडतो.

दहा गिऱ्हाईकं, दहा दुखणी

एक उदाहरण घेऊ. समजा, अकोल्यातल्या एका हुशार तरुणानं एका जिनिंग फॅक्टरीसाठी आज्ञावली लिहिली. कापसाची आवक, वजन, प्रत, शेतकऱ्याला दिलेले पैसे, निघालेली रुई, सरकी, बांधलेल्या गाठी, असा सगळा हिशेब तिच्यात बसवला. काम छान झालं. शेजारच्या फॅक्टरीवाल्यानं तीच मागितली, पण त्याला अडतीचा हिशेब वेगळा हवा होता. तरुणानं पहिल्या आज्ञावलीची नक्कल केली आणि तिच्यात बदल केले. मग वरुडचा एक संत्रा व्यापारी आला. त्याच्याकडे बगिच्याचा सौदा होतो, आंबिया बहाराचा वेगळा आणि मृगाचा वेगळा. इसार दिला जातो, माल क्रेटमध्ये भरला जातो. म्हणून तिसरी नक्कल झाली. मग एक दवाखाना आला, एक शिकवणी वर्ग आला.

दोन वर्षांत त्या तरुणाकडे दहा गिऱ्हाईकं झाली आणि दहा वेगवेगळ्या आज्ञावल्या. एकीत चूक सापडली तर ती दहा ठिकाणी शोधायची. सरकारनं कराचा दर बदलला तर दहा ठिकाणी हात घालायचा. धंदा वाढला म्हणून तो खूश होता, पण खरं तर त्याची झोप विकली गेली होती. आणि उद्या तो पुण्याला नोकरीला गेला, तर त्या दहाजणांचं काय? त्याच्या डोक्यात काय होतं हे कोणालाच ठाऊक नाही.

अमरावती-अकोल्यासारख्या शहरांत हा प्रश्न फार खरा आहे. इथल्या व्यापाऱ्याला मोठ्या कंपनीचं महागडं सॉफ्टवेअर परवडत नाही आणि गावातल्या होतकरू मुलाचं सॉफ्टवेअर त्या मुलाबरोबर गाव सोडून जातं.

मागातल्या पत्त्यांची गोष्ट

यावरचा उपाय समजून घ्यायला आपण कापसाच्याच वाटेनं थोडं मागे जाऊ. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जाकार या माणसानं १८०४ च्या सुमारास एक माग तयार केला. त्याआधी कापडात फुलापानांची नक्षी काढायची तर मागावर एक माणूस नुसते दोरे उचलायला बसवावा लागे. जाकारनं पुठ्ठ्याचे पत्ते केले आणि त्यांना भोकं पाडली. जिथं भोक असेल तिथं दोरा उचलला जायचा, जिथं नसेल तिथं तो खाली राहायचा. असे पत्ते एकमेकांना शिवून त्यांची माळ मागावर चढवायची. नक्षी बदलायची झाली तर माग मोडायचा नाही, फक्त पत्ते बदलायचे.

या युक्तीचं तात्पर्य असं की, यंत्र वेगळं आणि यंत्रानं काय करावं याचा तक्ता वेगळा. संगणकाच्या भाषेत या तक्त्याला कॉन्फिगरेशन म्हणतात. आपल्या मोबाइलमध्ये सेटिंग असतं, त्याचंच हे थोरलं भावंड. आणि अशा तक्त्यावर चालणाऱ्या मागाला म्हणायचं फ्रेमवर्क, म्हणजे चौकट. मग आपल्या अकोल्याच्या तरुणानं दहा माग बांधायचे नाहीत. माग एकच, पत्ते दहा.

मुंबईत तयार झालेला माग

असा माग आपल्याच महाराष्ट्रात तयार झाला आहे आणि तो जगभर वापरला जातो. त्याचं नाव फ्रॅपे. मुंबईच्या रुषभ मेहता यांनी २००८ च्या सुमारास हे काम सुरू केलं. घरच्या फर्निचरच्या व्यवसायात व्यवस्थापनाचं तयार सॉफ्टवेअर बसवण्याचा अनुभव चांगला आला नाही, त्यातून स्वतःच असं काही बांधावं हा विचार पुढं आला. त्यातून दोन गोष्टी उभ्या राहिल्या. एक ईआरपीनेक्स्ट, म्हणजे खरेदी, विक्री, गोदाम, हिशेब, पगार असं सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर. आणि दुसरी फ्रॅपे, म्हणजे ते सॉफ्टवेअर ज्या चौकटीवर उभं आहे ती चौकट. दोन्ही मुक्त आहेत. कोणीही त्यांचा मूळ मजकूर वाचू शकतो, बदलू शकतो, आपल्या संगणकावर चालवू शकतो. ज्याला हे झंझट नको, त्यानं कंपनीच्या संगणकावर वर्गणी भरून वापरावं.

फ्रॅपेच्या मुळाशी एकच साधी कल्पना आहे. तिला ते डॉकटाइप म्हणतात. आपण त्याला कोरा फॉर्म म्हणू. जगातलं कोणतंही कार्यालय घ्या, शेवटी तिथं फॉर्मच असतात. खरेदीची पावती हा फॉर्म, गिऱ्हाइकाची नोंद हा फॉर्म, रजेचा अर्ज हा फॉर्म. प्रत्येक फॉर्मात रकाने असतात. कोणत्या रकान्यात तारीख येते, कोणत्यात रक्कम, कोणत्यात यादीतून निवडलेलं नाव. कोणता रकाना भरलाच पाहिजे आणि कोणता मोकळा सोडला तरी चालेल. एवढं वर्णन तुम्ही तक्त्यात लिहिलं की बाकीचं चौकट करते. पडद्यावर फॉर्म उमटतो, माहितीच्या कोठारात त्या फॉर्मासाठी वेगळा कप्पा तयार होतो, यादी दिसू लागते, शोध घेता येतो, छापता येतं. त्यासाठी आज्ञावलीची एक ओळही लिहावी लागत नाही.

यातली सगळ्यात गमतीची गोष्ट अशी की, कोऱ्या फॉर्मचं वर्णन ज्या फॉर्मात लिहायचं, तोही एक डॉकटाइपच आहे. म्हणजे साचा बनवण्याचा साचा, आणि तोही त्याच साच्यातून निघालेला. कुंभाराचं चाक मातीचंच असावं तसं. ज्यांना ही कल्पना आवडेल त्यांनी थोडा वेळ तिच्यावर विचार करून पाहावा, डोकं गरगरतं पण मजा येते.

पाच वह्या

अशी चौकट बांधायची तर तक्त्यात काय काय लिहावं लागतं? मला हे पाच वह्यांसारखं दिसतं.

पहिली वही नोंदींची. कोणते फॉर्म, कोणते रकाने. दुसरी वही हक्कांची. कोणी काय पाहावं, कोणी काय लिहावं, कोणी खोडावं. काट्यावर बसणाऱ्या माणसानं वजन लिहावं, पण भाव बदलू नये. मुनीमजीनं भाव लिहावा, पण एकदा मंजूर झालेलं बिल गुपचूप खोडू नये. फ्रॅपेत मंजूर झालेला कागद दुरुस्त करता येत नाही. तो रद्द करून नवा करावा लागतो आणि जुन्याची नोंद राहते. आपल्या जुन्या रोजकीर्दीत खाडाखोड करायची नाही, उलट नोंद करायची, हा जो नियम होता तोच हा.

तिसरी वही वाटेची. रजेचा अर्ज आधी कोणाकडे जाणार, मग कोणाकडे, कोणी नाकारला तर काय. चौथी वही दरांची आणि मापांची. आणि पाचवी वही शब्दांची, म्हणजे पडद्यावर काय लिहिलेलं दिसेल त्याची.

चौथ्या वहीजवळ जरा थांबू, कारण आपल्या भागाचा सगळा व्यवहार तिच्यात आहे. कापूस विकत घेताना भाव क्विंटलचा, म्हणजे १०० किलोचा. रुई विकताना भाव खंडीचा, आणि खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो. आणि गाडीत माल भरताना मोजायच्या गाठी, एक गाठ १७० किलोची. एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. आता आज्ञावलीत कुठंतरी आत ३५६ हा आकडा कायमचा कोरून ठेवला, तर ती आज्ञावली फक्त कापसाची झाली. तोच आकडा ‘माप’ नावाच्या तक्त्यात ठेवला, तर तीच आज्ञावली संत्र्याच्या क्रेटला चालते, तुरीच्या पोत्याला चालते आणि दुधाच्या लिटरलाही चालते. कोरलेला आकडा आणि लिहिलेला आकडा यांत एवढं अंतर आहे.

दरांच्या बाबतीत एक बारकावा आहे. दराला नेहमी तारीख हवी. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला. नंतर २२ सप्टेंबर २०२५ ला दरांचे टप्पे बदलले, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले. आपल्या संत्रा बागायतदारांचं ठिबक सिंचन १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. ज्याच्या आज्ञावलीत १२ हा आकडा ठायी ठायी पेरलेला होता, त्याला त्या रात्री जागावं लागलं असणार. आणि ज्यानं तक्त्यात नुसतं १२ पुसून ५ लिहिलं, त्याचीही पंचाईत, कारण मग २० सप्टेंबरचं जुनं बिल पुन्हा छापलं तर तेही ५ टक्क्यांनी निघेल. शहाणी चौकट दर पुसत नाही. ती लिहिते : अमुक तारखेपासून अमुक दर. ईआरपीनेक्स्टमध्ये वस्तूच्या कराजवळ ‘केव्हापासून लागू’ असा रकाना असतो तो यासाठीच. जुना कागद जुन्या काळाशी इमान राखून राहतो.

वर्गणी संपली तर?

आता वर्गणीकडे येऊ. वर्गणीसुद्धा या चौकटीत एक फॉर्मच आहे. योजना कोणती, सुरुवात कधी, फुकट वापरून पाहण्याचे दिवस किती, बिल दर महिन्याला की वर्षाला, मुदत उलटल्यावर सवलतीचे दिवस किती. वर्गणीच्या अवस्थाही ठरलेल्या असतात : चाचणी चालू, चालू, थकलेली, बंद. एका अवस्थेतून दुसरीत कधी जायचं हे तक्त्यात लिहिलेलं असतं. महिन्याच्या मध्येच गिऱ्हाइकानं मोठी योजना घेतली तर उरलेल्या दिवसांचा हिशेब कसा लावायचा, हेही.

हे नियमही बदलतात. खात्यातून आपोआप वर्गणी कापून घेण्यावर रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२१ पासून बंधनं घातली. पैसे कापण्याच्या २४ तास आधी गिऱ्हाइकाला कळवायचं आणि ५ हजारांच्या वरची रक्कम असेल तर दर वेळी त्याची वेगळी संमती घ्यायची. जून २०२२ मध्ये ही मर्यादा १५ हजारांवर नेली. म्हणजे आठ महिन्यांत आकडा तिप्पट झाला. असा आकडा आज्ञावलीच्या पोटात लपवून ठेवणं म्हणजे दगडावर भाव कोरून भाजी विकायला बसणं.

पण यापेक्षा महत्त्वाचा एक प्रश्न फार थोडे लोक विचारतात. वर्गणी थकली तर गिऱ्हाइकाच्या माहितीचं काय होणार? वाचनालयाची वर्गणी थकली तर वाचनालय आपल्याला पुस्तक देत नाही, पण आपल्या घरातली पुस्तकं उचलून नेत नाही. दुकानदाराची दहा वर्षांची खातेवही मात्र दुसऱ्याच्या संगणकावर आहे. म्हणून चांगल्या चौकटीत ‘बंद’ या अवस्थेच्या अलीकडे आणखी एक अवस्था असावी : लिहिता येणार नाही, पण वाचता येईल आणि आपली वही उतरवून घरी नेता येईल. हा एका ओळीचा ठराव आहे. तो तक्त्यात आहे की नाही, यावरून कंपनीची नियत कळते.

वाडा आणि बिऱ्हाडं

एकाच मागावर शंभर गिऱ्हाइकांचं कापड विणायचं म्हटलं की आणखी एक जोखीम येते. एकाचा धागा दुसऱ्याच्या कापडात जाता कामा नये. याचे दोन मार्ग आहेत. सेल्सफोर्सनं सगळ्यांची माहिती मोठ्या समाईक कोठारात ठेवली आणि प्रत्येक नोंदीवर मालकाचा शिक्का मारला. जुन्या वाड्यात एकच माळा असावा आणि प्रत्येक बिऱ्हाडाच्या पेटीवर नाव लिहिलेलं असावं, तसं. जागा कमी लागते, खर्च कमी येतो. पण शिक्का पाहायला एकदा जरी विसरलं, तर एका व्यापाऱ्याचा भाव दुसऱ्याला दिसला म्हणून समजा.

फ्रॅपेनं दुसरी वाट धरली. आज्ञावली सगळ्यांना समाईक, पण प्रत्येक गिऱ्हाइकाचं माहितीचं कोठार वेगळं. विहीर एक, पण प्रत्येक बिऱ्हाडाची खोली वेगळी आणि तिला वेगळं कुलूप. यात देखभाल जास्त, पण रात्री झोप चांगली लागते. कोणती वाट धरायची हे चौकट बांधण्याआधीच ठरवावं लागतं. घर बांधून झाल्यावर पाया बदलता येत नाही.

तसंच आणखी एक ठरवावं लागतं. मूळ चौकटीचं म्हणणं एका थरात आणि गिऱ्हाइकाचे बदल दुसऱ्या थरात ठेवायचे. गिऱ्हाइकानं वाढवलेला रकाना फ्रॅपे मूळ फॉर्मात मिसळत नाही, वेगळा लिहून ठेवते आणि दाखवताना वरून लावते. त्यामुळं उद्या कंपनीनं फॉर्म सुधारला तरी गिऱ्हाइकाचा रकाना वाहून जात नाही. रजईवरच्या खोळीसारखं हे आहे. खोळ बदलावी, रजई तीच.

लाल चांदणी कोणाच्या हातात?

आता पाचवी वही, शब्दांची. तिच्याशी माझ्यासारख्यांचा जीव जोडलेला आहे. पडद्यावरचे शब्द आज्ञावलीच्या बाहेर, वेगळ्या तक्त्यात ठेवले, तर तेच सॉफ्टवेअर मराठीत दिसू शकतं. मग काट्यावरच्या माणसाला ‘आवक’, ‘तोल’, ‘उधारी’ हे त्याचे स्वतःचे शब्द पडद्यावर भेटतात. उर्दूत दाखवायचं तर नुसते शब्द बदलून भागत नाही, ओळ उजवीकडून सुरू झाली पाहिजे. ज्यानं चौकट बांधताना हा विचार केला, त्याला तक्त्यात दिशा बदलावी लागते. ज्यानं केला नाही, त्याला सगळं घर पाडावं लागतं.

फॉर्मात काही रकान्यांजवळ एक लाल चांदणी असते. तिचा अर्थ, हे भरल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. कितीतरी फॉर्मांत आडनावाजवळ ती चांदणी असते. आमच्या समाजात अनेकांना आडनाव नसतंच. नाव आणि फार तर वडिलांचं नाव. दक्षिणेकडच्या कितीतरी लोकांचंही तेच. मग माणूस काय करतो? टिंब टाकतो. किंवा स्वतःचंच नाव दोनदा लिहितो. पुढं दुसऱ्या कार्यालयात दुसऱ्या फॉर्मात तो टिंब टाकत नाही, आणि मग दोन कागदांतली नावं जुळत नाहीत, आणि खेटे सुरू होतात. वाईट हेतू कोणाचाच नसतो. कुठंतरी कोणीतरी एका रकान्याजवळ ‘आवश्यक’ अशी खूण केलेली असते, एवढंच.

म्हणून माझं म्हणणं असं की, कॉन्फिगरेशन ही नुसती सोय नाही, ती सत्ता आहे. जो तक्ता भरतो तो ठरवतो की कोण माणूस फॉर्मात मावतो आणि कोण मावत नाही. पण तक्त्याच्या पद्धतीचा मोठा गुणही यातच आहे. आज्ञावलीत कोरलेली सक्ती काढायला दूरच्या इंजिनिअरची वाट पाहावी लागते. तक्त्यातली चांदणी मात्र अकोल्यातला कारकूनही, हक्क दिला तर, दोन मिनिटांत पुसू शकतो.

चौकट शेर लिहीत नाही

एवढं कौतुक केल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. अमरावतीत १९३२ साली जन्मलेल्या सुरेश भटांनी मराठी गझलेची चौकट मराठी माणसाला समजावून दिली. ‘गझलेची बाराखडी’ ही त्यांची छोटी पुस्तिका नवोदितांच्या हाती असे. वृत्त एक, काफिया म्हणजे यमक ठरलेलं, रदीफ म्हणजे शेवटचा शब्द तोच. पण प्रत्येक शेर स्वतंत्र, आपल्या पायावर उभा. एका वाड्यातली वेगळी बिऱ्हाडंच जणू. पण ती चौकट पाठ झाली म्हणून शेर होतो का? होत नाही. चौकट जागा देते, शेर माणसाला लिहावा लागतो.

सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. सगळंच तक्त्यात बसवायचा हट्ट धरला की तक्ता फुगतो. ‘ओलावा जास्त असेल तर भाव कमी, पण गिऱ्हाईक जुनं असेल तर निम्माच कमी, पण सणाच्या आठवड्यात नाही’ असे नियम रकान्यांत कोंबायला गेलं, की तो तक्ताच एक नवी, वेडीवाकडी भाषा होऊन बसतो. ती कोणाला वाचता येत नाही. त्यापेक्षा अशा जागी चौकटीनं एक खिडकी मोकळी सोडावी आणि तिथं चार ओळींची सरळ आज्ञावली लिहू द्यावी. फ्रॅपेत अशा खिडक्या आहेत. फॉर्म जतन होण्याआधी काय करायचं, मंजूर झाल्यावर काय करायचं, हे तिथं लिहिता येतं.

आणि चौकट बांधायची ती आधी नव्हे. आधी दोन-तीन गिऱ्हाइकांचं काम साध्या पद्धतीनं करावं. त्यांत पुन्हा पुन्हा काय येतं ते पाहावं. जे येतं ते चौकटीत, जे बदलतं ते तक्त्यात. एकही शेर न लिहिता बाराखडी रचायला बसलेला माणूस जशी बाराखडी रचेल, तशीच गिऱ्हाईक न पाहता बांधलेली चौकट होते.

दुसरा धोका याहून मोठा आहे. तक्ता आहे, आज्ञावली नाही, म्हणून लोक तो बेफिकिरीनं बदलतात. १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवा. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीनं एक तक्ता जगभर पाठवला आणि सुमारे ८५ लाख संगणक निळे पडून बंद झाले. आपल्या देशातल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले पास प्रवाशांना दिले गेले. कारण तपासलं तेव्हा काय निघालं? तक्त्याच्या वर्णनात रकाने होते २१ आणि आज्ञावली पुरवत होती २० रकान्यांची माहिती. एकविसावा रकाना वाचायला गेलेला संगणक रिकाम्या जागेत हात घालून कोलमडला. शिवाय तो तक्ता आधी थोड्या संगणकांवर पाठवून पाहिला नव्हता, एकदम सगळ्यांना पाठवला होता. म्हणून तक्त्यालाही आज्ञावलीइतकीच शिस्त हवी. कोणी बदलला, कधी बदलला, याची नोंद हवी. बदल आधी रिकाम्या दुकानात करून पाहावा. मग एका गिऱ्हाइकाकडे, मग दहांकडे. आणि बिघडलं तर कालचा तक्ता परत लावता आला पाहिजे.

विकत घेण्याआधी

श्रोत्यांपैकी कोणी दुकानदार असतील, संस्थाचालक असतील, वाचनालयाचे चिटणीस असतील. तुमच्याकडे कोणी वर्गणीचं सॉफ्टवेअर घेऊन आला तर त्याला किंमत विचारण्याआधी चार गोष्टी विचारा. मला एक रकाना वाढवायचा असेल तर तो मी वाढवू शकतो की तुम्हाला बोलवावं लागेल? कराचा दर बदलला तर माझी जुनी बिलं जशीच्या तशी राहतील का? पडद्यावरचे शब्द मला मराठीत करता येतील का? आणि वर्गणी बंद केली तर माझी वही मला परत कशी मिळेल? चारही उत्तरं करून दाखवायला सांगा, तोंडी घेऊ नका.

आणि श्रोत्यांपैकी कोणी संगणक शिकणारी मुलं-मुली असतील, अमरावतीच्या एखाद्या खोलीत रात्री उशिरापर्यंत बसणारी, तर त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की हे काम करायला मुंबईला जायलाच हवं असं नाही. फ्रॅपेचा मूळ मजकूर सगळ्यांना खुला आहे, वाचायला पैसे पडत नाहीत. काट्यावर तासभर बसा, मोंढ्यात एक सकाळ काढा, मुनीमजीची वही त्यांच्या शेजारी बसून पाहा. कोणता आकडा रोज बदलतो आणि कोणता वर्षानुवर्षं तसाच राहतो, ते लिहून काढा. पहिला फॉर्म तयार कराल तेव्हा आडनावाजवळची चांदणी लावण्याआधी एकदा विचार करा. आणि पडद्यावर ‘क्वांटिटी’ न लिहिता ‘तोल’ लिहा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)